ब्लॅकबर्नचा चेंडू आणि खोपोलीचे पाणी

ऑगस्ट महिना लागला की आमच्या खोपोलीत पावसाचा जोर काही ओसरत नाही. घाटावरचे ढग खाली उतरलेले असतात, भाताची लावणी नुकतीच आटोपलेली असते, आणि कॉलेजच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागलेली असते. अशा दिवसांत वर्गात शिरलो की मागच्या बाकांवर एकाच विषयाची कुजबुज ऐकू येते. विलायतेतल्या प्रीमियर लीगचा नवा हंगाम! कोणी कोणता खेळाडू घेतला, कोणाचा प्रशिक्षक बदलला, पहिला सामना कोणाशी, हे सगळे या पोरांना पाठ. पानिपतचे साल विचारले तर मात्र खिडकीबाहेर बघतात. असो.

एकदा त्यांच्यातल्या एकाने मलाच विचारले, "सर, तुमची टीम कुठली?" फुटबॉलमधले मला फारसे कळते असे नाही, पण इतिहासाचा माणूस गप्प कसा बसेल? मी म्हटले, "ब्लॅकबर्न रोव्हर्स." वर्गात हशा पिकला. "सर, ती टीम २०१२ सालीच खाली गेली की हो!"

हशा बरोबरच होता. पण उत्तर मी थट्टेने दिले नव्हते. वाचकहो, या लँकेशायरमधल्या गावाचा आणि आपल्या घाटाखालच्या खोपोलीचा एक जुना हिशेब आहे. तो फुटबॉलमधून सुरू होतो, कापडात शिरतो, विजेच्या तारांवरून मुंबईला जातो आणि शेवटी पुण्याच्या कोंबड्यांपाशी येऊन थांबतो. जरा सबुरीने वाचलेत तर त्यातली संगती तुमच्याही ध्यानात येईल.

लीग हा शब्द आज आपण सहज वापरतो. गल्लीतल्या क्रिकेटचीसुद्धा लीग असते. पण १८८८ सालापूर्वी फुटबॉलमध्ये ही चीज नव्हती. सामने होत, ढाली होत्या, पैजा होत्या. नव्हते ते वेळापत्रक. शनिवारी अमुक क्लब येणार म्हणून फलक लागत, लोक तिकिटाचे पैसे घेऊन जमत, आणि आयत्या वेळी निरोप येई की पाहुणा संघ ढालीचा सामना निघाल्यामुळे येऊ शकत नाही. प्रेक्षक परत जात, क्लबाचे उत्पन्न बुडे. त्यात १८८५ साली खेळाडूंना उघडपणे पगार देण्यास परवानगी मिळालेली. पगार तर दर आठवड्याला द्यायचा, आणि सामना होईल की नाही याचा मात्र भरवसा नाही!

या अडचणीवर तोड काढली ती विल्यम मॅकग्रेगर नावाच्या गृहस्थांनी. हे मूळचे स्कॉटलंडचे, बर्मिंगहॅममध्ये स्थायिक झालेले, अॅस्टन व्हिला क्लबाच्या कारभारातले. आणि धंदा कोणता, तर कापडाच्या दुकानाचा. दुकानदाराला रोजच्या गिऱ्हाइकाची किंमत बरोबर कळते, असे मला नेहमी वाटते. मार्च १८८८ मध्ये त्यांनी काही क्लबांना पत्रे लिहिली. मथितार्थ असा की निवडक क्लबांनी एकत्र यावे, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे, एकदा आपल्या मैदानावर व एकदा त्यांच्या, आणि या तारखा कोणीही मोडू नयेत. लंडनमध्ये एक बैठक झाली, १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात दुसरी झाली, आणि बारा क्लबांची फुटबॉल लीग जन्माला आली. बारांपैकी सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते : अॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्न्ली, एव्हर्टन आणि प्रेस्टन. बाकीचे सहा इंग्लंडच्या मध्यभागातले. लंडनचा एकही नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तो पहिला हंगाम ८ सप्टेंबर १८८८ रोजी सुरू झाला. गंमत म्हणजे गुण कसे मोजायचे हे तेव्हा ठरलेलेच नव्हते! विजयाला दोन आणि बरोबरीला एक, हा निर्णय नोव्हेंबर महिन्यात झाला. तोवर मंडळी निम्मे सामने खेळून मोकळी झाली होती. ब्लॅकबर्नचा पहिला सामना शेजारच्या अॅक्रिंग्टनशी १५ सप्टेंबरला झाला आणि ५-५ असा सुटला. प्रेस्टनने बावीस सामन्यांत एकही न गमावता पहिले अजिंक्यपद मिळवले. ब्लॅकबर्न चौथे आले.

आता प्रश्न असा, की हे सगळे गिरण्यांच्या गावीच का घडले? याचे उत्तर मैदानावर मिळायचे नाही, ते कायद्याच्या पुस्तकात आहे. १८५० च्या इंग्लंडमधील कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील बायका आणि अल्पवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवण्यास बंदी केली. कायदा पुरुषांना लागू नव्हता. पण बायका-पोरे घरी गेल्यावर गिरणी चालणार कशी? तेव्हा पुरुषांनाही सुटी मिळाली. १८७४ च्या कायद्याने ही वेळ आणखी अलीकडे आली. रविवार हा चर्चचा वार, त्या दिवशी खेळ वर्ज्य. म्हणजे मजुराच्या हाती स्वतःचा असा एकच वेळ उरला, तो शनिवारच्या दुपारचा. एक-दोनला भोंगा वाजायचा, घरी जाऊन चार घास खायचे, टोपी घालायची, आणि तीनला मैदानावर. हिवाळ्यात तिकडे चार-साडेचारलाच अंधारून येते, दिव्यांची सोय नव्हती. म्हणून तीनच्या सुमारास खेळ सुरू करणे भागच होते. आमची पोरे ऑगस्टमधल्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला दूरचित्रवाणीपुढे किंवा हातातल्या मोबाइलपुढे बसतात ना, ती वेळ म्हणजे इंग्लंडमधले दुपारचे तीन. दीडशे वर्षांपूर्वीच्या गिरणीच्या भोंग्याने ठरवून दिलेली वेळ खोपोलीत अजून पाळली जाते.

आणखी मौज पाहा. १९६० च्या दशकात बर्न्ली क्लबाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी आग्रह धरला की शनिवारी दुपारी सामन्याचे थेट चित्रण दाखवू नये. लोक घरी बसतील आणि लहान क्लबांची मैदाने ओस पडतील. त्यातून तिकडे निर्बंध आला. त्यामुळे शनिवारी तीनचा जो सामना खुद्द ब्लॅकबर्नच्या माणसाला घरबसल्या दिसत नाही, तो आमच्या शिळफाट्यावरच्या पोराला दिसतो!

ब्लॅकबर्नला केवळ वेळ मिळाला असे नव्हे, मानही मिळाला. १८८३ साली एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा २-१ असा पराभव केला. ईटन म्हणजे इंग्लंडच्या सरदार-जहागीरदारांची शाळा. तिथून निघालेली मुले मंत्री होत, सेनापती होत, आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नरही होत. समोर कोण? कोणी विणकर, कोणी सूत कातणारा, कोणी नळकाम करणारा. कामगारांच्या संघाने ही ढाल जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढल्याच वर्षापासून गावातल्या दुसऱ्या संघाने, म्हणजे रोव्हर्सनी, तीच ढाल सलग तीनदा घेतली. १८८८ साली लीगमध्ये गावागणिक एकच क्लब घेतला गेला तेव्हा रोव्हर्सना जागा मिळाली आणि ऑलिंपिकला दार बंद झाले. वर्षभरात तो क्लब मोडला. ज्यांनी बड्यांना पहिल्यांदा नमवले त्यांनाच पंगतीत पान मिळाले नाही. इतिहासात हे काही नवे नाही; पण वाचताना दर वेळी वाईट वाटते खरे.

आता कापडाकडे वळू. ब्लॅकबर्नच्या मागांवर विणले काय जात होते? धोतर! होय, आपलेच धोतर. या गावाची खासियतच ती. हिंदुस्थानच्या बाजारासाठी काठाची धोतरे विणून गाठोड्यांनी मुंबई-कलकत्त्याला पाठवायची. तिथल्या कामगारांच्या बोलण्यातसुद्धा धोती हा शब्द रुळला होता. १९१३ हे लँकेशायरच्या भरभराटीचे शिखर मानतात. त्या साली सुमारे ३०० कोटी वार कापड एकट्या हिंदुस्थानने घेतले. याचा दुसरा अर्थ असा, की शनिवारी रोव्हर्सच्या सामन्याला जाणारा विणकर जे तिकिटाचे पैसे मोजी, त्यातले काही आमच्याच आजोबा-पणजोबांच्या कमरेवरून गेलेले असत. रोव्हर्स १९१२ आणि १९१४ साली लीगचे विजेते झाले ते याच भरभराटीत.

इकडे मुंबईच्या गिरण्यांत काय स्थिती होती? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि सुटीचा वार ठरलेला नाही. यंत्र पुसायचे असेल तर गिरणी थांबायची, एरवी नाही. या परिस्थितीविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या बघा किती साध्या! आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाची ठराविक वेळ, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. सहा वर्षे खटपट चालली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्यामागे ही माणसे आहेत.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिंदुस्थानातील गिरण्यांना कारखाना कायदा लागू करा, असा धोशा सर्वांत मोठ्याने कोणी लावला होता? मँचेस्टरच्या मालकांनी. कामगारांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या स्वस्त मालाची धास्ती त्यात जास्त होती. त्यामुळे आमच्याकडच्या कित्येक पुढाऱ्यांनी या कायद्यांकडे संशयाने पाहिले. लोखंड्यांनी मात्र हेतूची चिकित्सा करीत न बसता मजुराच्या पदरात काय पडते ते पाहिले. माझे मत विचाराल तर त्यांचेच बरोबर होते.

पण शनिवारची दुपार आणि रविवार यांत फरक पडला. मुंबईतला रविवार कोणाच्या घरी खंडोबाचा, कोणाचा भजनाचा, कोणाचा आखाड्यातल्या कुस्तीचा, कोणाचा गावाकडे पत्र लिहून घेण्याचा. फुटबॉल गिरणगावात आला नाही असे नाही, पण ब्लॅकबर्नसारखा तो गावाचा प्राण झाला नाही. मुंबईत तो आला लष्कराच्या बुटांतून. १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशायर पलटणीने नेला. (या रोव्हर्सचा ब्लॅकबर्नच्या रोव्हर्सशी संबंध लावू नका, रोव्हर म्हणजे भटक्या, इतकेच.) १९०२ पासून हारवुड लीग सुरू झाली, आणि मुंबईचे फुटबॉल पावसाळ्याच्या चिखलात रंगू लागले. हिंदी नागरी संघाला रोव्हर्स कप मिळण्यास मात्र १९३७ साल उजाडावे लागले, तेव्हा बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला. पुढे कूपरेजवर हैदराबाद पोलीस संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. जुनी माणसे त्या सामन्यांच्या गोष्टी रंगवून सांगत.

ब्लॅकबर्नशी खरे नाते सांगणारे गाव महाराष्ट्रात असेल तर ते मुंबई नव्हे, कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे ऐका. या कुस्तीच्या तालमी. त्यांनीच चेंडू हाती, म्हणजे पायी, घेतला. पेठेपेठेची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर उतरते आणि सामन्याच्या दिवशी घराघरांत जेवणाच्या वेळा बदलतात. तिथे संघ विकत घेतलेला नसतो, वाडवडिलांकडून आलेला असतो. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

बरे, मग यात खोपोली कुठे आली? ती आली पाण्याच्या वाटेने.

आपले गाव इतिहासात दोनदा महत्त्वाला चढले. पहिल्यांदा १८५६ साली, जेव्हा आगगाडी इथवर येऊन थांबली. पुढे घाट, गाडी चढेना. १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला तरी मधला घाट उतारूंनी पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून चढायचा, असा प्रकार १८६३ पर्यंत चालला. भोर घाटाचा लोहमार्ग झाला, मोठ्या गाड्या पळसदरीवरून वर निघून गेल्या आणि खोपोली आडबाजूला पडली. नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ तेवढे जागच्या जागी राहिले.

दुसऱ्यांदा पाळी आली ती १९११ ते १९१५ या काळात. घाटमाथ्यावर पाऊस एवढा कोसळतो, तो साठवून खाली सोडला तर वीज होईल, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने जमशेटजी टाटांच्या कानी घातली होती. जमशेटजी १९०४ साली वारले. काम त्यांच्या मुलांनी उचलले. १९१० साली कंपनी निघाली. फेब्रुवारी १९११ मध्ये वळवणच्या धरणाची कोनशिला बसली. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचे पाणी डोंगरावरून प्रचंड नळांतून सुमारे सतराशे फूट खाली येऊ लागले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. कळ दाबली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी. हे स्वतः ईटनचे विद्यार्थी, बरं का! ज्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना ब्लॅकबर्नच्या विणकरांनी हरवले होते, तीच शाळा. यात कार्यकारण काही नाही, नुसता योगायोग. पण मला तो मांडल्याखेरीज राहवत नाही.

ही वीज कोणासाठी होती? दिव्यांसाठी नव्हे, मुख्यतः गिरण्यांसाठी. तोवर मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, आणि कोळसा दुरून आणावा लागे, तो महाग पडे. लँकेशायरला कोळसा पायाशी होता. खोपोलीच्या पाण्याने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. एक एक गिरणी बॉयलर सोडून मोटरवर आली. महायुद्धामुळे विलायती माल येईनासा झाला होता, त्याचा फायदाही मुंबईला मिळाला. तारखा पाहा : १९११ मध्ये वळवणची कोनशिला, १९१२ मध्ये ब्लॅकबर्न विजेते, १९१४ मध्ये पुन्हा विजेते, १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू. त्याच १९१५ साली युद्धामुळे लीग बंद पडली. ती १९१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण ब्लॅकबर्नला पुढचे अजिंक्यपद मिळण्यास तब्बल ८१ वर्षे लागली. सगळे श्रेय किंवा दोष आपल्या पाण्याला देणे वेडेपणाचे होईल. जपानी कापड होते, जकाती होत्या, आणि स्वदेशी तर होतीच. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी विलायती कापडाची होळी केली, टिळक तिथे हजर होते. जुलै १९२१ च्या अखेरीस गांधीजींनी परळला पेटवली ती तर केवढी मोठी! त्या ज्वाळांत ब्लॅकबर्नची धोतरे असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही.

आणि घाटावरच्या पाण्याची किंमत सगळ्यांनी सारखी दिली असेही नाही. खोपोलीनंतर त्याच धर्तीवर मुळशीचे धरण आले तेव्हा बुडणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांना १९२१ पासून सत्याग्रह करावा लागला. तो विषय स्वतंत्र आहे.

दहा वर्षांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन भागात राहिले. गिरण्या बंद, हजारो विणकर बेकार. आणि ज्याच्या बहिष्काराने ही वेळ आणली असे वर्तमानपत्रे सांगत होती तो मनुष्य दारात उभा. लोकांनी काय करावे? त्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती गराडा घातला, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जन्मभर दुसऱ्यांसाठी धोतरे विणलेल्या त्या बायकांपुढे हातमागाचे जाडेभरडे वस्त्र नेसून ते उभे आहेत आणि बायका हसत आहेत. ते छायाचित्र मी दर वर्षी वर्गात दाखवतो. त्यातले सगळे समजावून सांगता येते असे मात्र मला अजून वाटलेले नाही.

गिरण्या गेल्या, क्लब राहिला. गावाचा धंदा बुडाला तरी शनिवार बुडाला नाही. १९९१ साली जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलादाच्या व्यापाऱ्याने क्लब हाती घेतला. हा याच मातीतला माणूस, लहानपणापासून रोव्हर्सचा भक्त. त्याने आपली कमाई मैदानात ओतली. १९९२ मध्ये लीगची वरची श्रेणी वेगळी होऊन प्रीमियर लीग झाली, तेव्हा १८८८ आणि १९९२ या दोन्ही वेळच्या मूळ सभासदांत फक्त तीन क्लब होते : अॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. १४ मे १९९५ रोजी हंगामाच्या अखेरच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये हरले; पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावे लागले. ८९ गुण विरुद्ध ८८. एका गुणाने अजिंक्यपद ब्लॅकबर्नला! वॉकर २००० साली वारले.

पुढचे वळण तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकला गेला, आणि घेणारे होते पुण्याचे व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे व्हेंकीज. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेला हा कोंबड्यांचा उद्योग. आपल्याकडे कोंबडीपालन हा जोडधंद्याचा व्यवसाय झाला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा. क्लबाची किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय कर्ज वेगळे. ज्या शहरात ब्लॅकबर्नचे कापड जाळले गेले होते, त्या शहरातल्या लोकांनी ब्लॅकबर्नचा क्लब विकत घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला एक मैत्रीचा सामनाही खेळला. होळी झाली होती तोही ऑक्टोबरच.

पण क्लब घेणे निराळे आणि गाव सांभाळणे निराळे. मालकी आल्यावर महिनाभरातच जुने व्यवस्थापक सॅम अॅलरडाइस यांना काढले गेले. संघ घसरत गेला. ७ मे २०१२ रोजी ईवुड पार्कवर विगनकडून ०-१ असा पराभव झाला आणि ब्लॅकबर्न वरच्या श्रेणीतून खाली उतरले. त्या सामन्यात कोणा प्रेक्षकाने क्लबाचे रंग गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले. मी त्या वेळी हसलो होतो, हे कबूल करतो. पुढे १८८८ ची हकीकत वाचली तेव्हा हसू ओसरले. २०१७ साली संघ आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात परत दुसरीत आला. २०२३ मध्ये सहाव्या क्रमांकाच्या संडरलँडइतकेच, म्हणजे ६९ गुण झाले. पण गोलफरकात मागे पडल्यामुळे वर जाण्याच्या लढतींत जागा हुकली. मालकांनी या काळात पैसा ओतला नाही असे म्हणता येणार नाही, क्लब चालू ठेवण्यास तो लागलाच. पण प्रेक्षकांची तक्रार पैशाची नाहीच मुळी. मालक मैदानात दिसत नाहीत, ही आहे.

याची दुसरी बाजूही बघायला हवी. क्लब पुण्याने विकत घेतला त्याच २०१० साली मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ बंद झाला. १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. ज्या पुणे एफसीशी ब्लॅकबर्न बालेवाडीला खेळले तो संघही पुढे राहिला नाही. मफतलाल गेले, ओर्के मिल्स गेले. हे सगळे कंपन्यांचे संघ. कंपनीने ठरवले की खेळ आटोपला. मोर्चा काढायला मागे कोणी गाव नव्हते. ब्लॅकबर्नमध्ये निदान कोंबडी सोडण्याइतका राग करणारे लोक होते.

हे सगळे मी एकदा वर्गात सांगितले. तास संपला तरी पोरे उठली नाहीत, हे माझ्या नोकरीत क्वचितच घडते. ज्याने प्रथम विचारले होते तो म्हणाला, "सर, म्हणजे आपल्या पॉवर हाउसनेच त्यांना खाली पाडलं म्हणायचं का?" मी म्हटले, पाडले नाही रे, पण धक्का लागला असेल. त्याचे आजोबा पूर्वी त्याच पॉवर हाउसमध्ये कामाला होते, हे मला त्या दिवशी कळले.

यंदाही हंगाम उंबरठ्यावर आहे. वीस क्लब, प्रत्येकी अडतीस सामने, एकूण ३८०. तळाचे तीन खाली जाणार, खालचे तीन वर येणार. कोण जिंकेल ते मला विचारू नका. शनिवारी साडेसातला आमच्या चाळीत पोरे जमतील, बाहेर पाऊस असेल, आणि डोंगरावरून नळांतून उतरलेले पाणी वीज देऊन पाताळगंगेत निघून जात असेल. मी मात्र आधी खालच्या श्रेणीच्या तक्त्यात ब्लॅकबर्न कुठे आहे ते पाहीन.